कोऱ्या कागदावरच्या चौदा सह्या

आमच्या दुकानांच्या ओळीत आधी सह्या व्हायच्या आणि मग अर्ज लिहिला जायचा. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो कपाळाला हात लावतो. लावू दे. आदिलाबादेत आमच्यासारख्यांनी दुसरं करायचं तरी काय? मी महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या मुधोळकडची, दहावीपर्यंतची शाळा मराठीत झाली. तेलुगू मला बोलता येतं, बाजारात भांडण्यापुरतं तर चांगलंच येतं, पण वाचायचं म्हटलं की ती गोल गोल अक्षरं मी नुसती बघत बसायची. आणि मुन्सिपाल्टीचं दफ्तर सगळं तेलुगूत. मग काय, पांढरा कागद घ्यायचा, अर्ध्याच्या खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घ्यायचे, वरचा भाग रिकामा सोडायचा आणि तो कागद भावाच्या हातात द्यायचा. वरचं तो लिहायचा.

भाऊ म्हणजे मानलेला. मला सख्खा भाऊ नाही. हा माझ्या माहेराच्या शेजारच्या गावचा, मुन्सिपाल्टीत टाउन प्लॅनिंगच्या टेबलावर क्लर्क. लग्न होऊन मी इथं आले त्या वर्षी घरपट्टीच्या कामाला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझं बोलणं ऐकून त्याने फाइलीतून मान वर काढली आणि विचारलं, "ताई, तुमी कोन्या गावच्या?" गाव सांगितलं तर तो खुर्चीवरून उठला. म्हणाला, आमच्या गावची पोरं तुमच्याच गावात पोळा पाहायला येतात. त्या दिवाळीला भाऊबीजेला तो घरी आला आणि पुढे वीस वर्षं त्याची एकही भाऊबीज चुकली नाही. माझा नवरा नांदेडच्या दवाखान्यात होता तेव्हा हा माणूस अकरा दिवस व्हरांड्यात सतरंजी टाकून पडला होता. माझ्या घरच्यांपैकी कोणी आलं नव्हतं. हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही मला वेडी म्हणाल.

तर सह्या. नालीवर फरशी टाकून द्या, खांबावरचा दिवा लावा, नळाला पाणी येत नाही, अशा प्रत्येक कामाला मीच ओळीतून कागद फिरवायची. माझं दुकान मधोमध, शिलाईचं, दहा फूट रुंद. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे ड्रेस. बाया दिवसभर येऊन बसतात, त्यामुळे ओळीतली सगळी खबर माझ्याकडे. दहा दुकानं आणि फुटपाथवर बसणाऱ्या चार बाया, एवढी आमची ओळ. कागद फिरवला की तासाभरात चौदा सह्या. आणि काम व्हायचं, बरं का! फरशी पडली, दिवा लागला. म्हणून कोणी विचारायचंच नाही की वर काय लिहिलं. ताईच्या भावाने लिहिलं ना, मग झालं.

फुटपाथवरच्या चौघींत एक भाकरवाली मावशी. माझ्या दुकानाच्या अगदी समोर, नालीच्या फरशीवर तिची शेगडी. साठीची बाई, हात मात्र असे चालायचे की बघत राहावं. दुपार कलली की ती पिठाचा डबा घेऊन यायची आणि दिवस मावळेपर्यंत तिच्यासमोर रांग लागायची. खोली करून राहणारी कॉलेजची पोरं, दवाखान्यात पेशंटजवळ बसलेली माणसं, बसवाले. ज्वारीची भाकर आणि वर ठेच्याचा गोळा. तिचा मुलगा गेलेला, सून आजारी, दोन नाती शाळेत. त्या एका तव्यावर चार माणसं जगत होती. माझ्याकडून ती पाणी घ्यायची, मला पहिली भाकर द्यायची. मला ती "पोरी" म्हणायची. मी चाळिशी ओलांडली तरी पोरीच.

मग रस्त्याच्या पलीकडे ते तीन मजली साड्यांचं दुकान झालं. काचाच काचा. आत म्हणे थंडगार, पायऱ्या आपोआप वर जातात. जाऊ देत बापा, आपलं काय गेलं? पण एवढं दुकान बांधताना गाड्या कुठे लावायच्या याचा कोणी विचार केला नव्हता. गाड्या आमच्या बाजूला येऊ लागल्या. निर्मलच्या, नेरडीगोंड्याच्या, यवतमाळकडच्यासुद्धा. लोक गाडी आमच्या दारात लावायचे आणि रस्ता ओलांडून साड्या घ्यायला जायचे, ते दोन-दोन तास यायचे नाहीत. माझ्या दारात गाडी आडवी, गिऱ्हाईक बाया आत येणार कशा? एक आठ महिन्यांची पोटुशी बाई दोन गाड्यांच्या मधून निघता निघता अडकली. शेवटी किराणावाल्याने आणि मी मिळून तिला मागे ओढलं. तेव्हापासून ती आलीच नाही, आणि तिचे चार ब्लाऊज अजून माझ्याकडे पडून आहेत.

एका दिवशी तर कहर झाला. एकाने पांढरी गाडी मावशीच्या शेगडीला टेकवून उभी केली. टेकवून! टायर आणि जाळ यांच्यात हातभर अंतर. मी कात्री हातात घेऊन बाहेर आले. ड्रायव्हर म्हणतो, "पाच मिनट, अम्मा." मी म्हटलं, "पाच मिनट में भाकर जलती, फिर तेरी गाडी बी जलेगी, हटा!" कात्री बघून हटवली मेल्याने. रांगेतली पोरं टाळ्या वाजवू लागली. मावशी मात्र हसली नाही. म्हणाली, "पोरी, आज हटला, उद्या दुसरा येईन. माही जागा जाते का राह्यते, तेवढं पाह्य."

त्याच सुमाराला मुन्सिपाल्टीचं बोर्डांचं फर्मान आलं. दुकानाचा बोर्ड भिंतीला लागून पाहिजे, फुटपाथवर पाय रोवून उभा चालणार नाही, आणि तेलुगू अक्षरं वर आणि मोठी. माझा पत्र्याचा बोर्ड लोखंडी पायांवर उभा, वर मराठी, खाली तेलुगू. एक माणूस आला आणि ओळीतल्या प्रत्येक बोर्डावर लाल रंगाने फुली मारून गेला, माझ्यावरही मारली. झेरॉक्सवाला म्हणाला, आपले बोर्ड हलवायला यांना वेळ आहे आणि त्या गाड्या हलवायला वेळ नाही. सगळे चिडलेले होते. किराणावाला म्हणाला, "ताई, काढा कागद."

मी कागद काढला. अर्जात तीन गोष्टी मागायच्या ठरल्या. आमच्या बाजूला गाड्या लावू देऊ नका, तसा बोर्ड लावा. आमचे बोर्ड भिंतीवर चढवायला दोन महिने द्या. आणि चौघी बायांना बसतात तिथेच बसू द्या. तिन्ही गोष्टी मी मराठीत एका चिठ्ठीवर लिहिल्या, भावासाठी. आणि दुसरा कागद, कोरा, ओळीतून फिरवला.

मावशीकडे सगळ्यात शेवटी गेले. ती पीठ मळत होती.

"वरतं काय लिवनार हाय?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"गाड्या लावू नका, अन् तुले इथंच बसू द्या. भाऊ लिहील."

"कोऱ्यावरच देऊ अंगठा?"

"दरवेळी देतेस ना."

"दरवेळी नालीसाठी देल्ता. आता माह्या बसाच्या जागेचं हाय."

मला राग आला. खरंच आला. एवढी पळापळ मी करते आणि ही मलाच विचारते? मी म्हटलं, "काऊन, माह्यावर भरोसा नाई का?" तिने हाताचं पीठ लुगड्याला पुसलं, पुन्हा पुसलं, आणि शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला. "तुह्यावर हाय म्हनून तं देऊन राह्यली," म्हणाली. ते वाक्य आता मला दिवसातून चार वेळा ऐकू येतं.

भावाने कागद घेतला, चिठ्ठी वाचली, खिशात घातली. चहा घेतला. "होऊन जाईन, ताई," म्हणाला. नेहमीसारखंच म्हणाला. तोंडावर काही दिसलं का त्याच्या, हे मी नंतर कितीदा आठवून पाहिलं. काही दिसलं नव्हतं. बशीत चहा ओतून फुंकत प्यायला आणि गेला.

महिन्याभराने सकाळी दुकान उघडायला आले तर कोपऱ्यावर मुन्सिपाल्टीची माणसं. रंगाचे डबे, दोरी, ट्रॅक्टर. मी म्हटलं, आला आपला बोर्ड! मशीनवरचं कापड काढून बाहेर येऊन उभी राहिले. त्यांनी कोपऱ्यापासून पांढरे पट्टे मारायला सुरुवात केली. सायकलवाल्यासमोर चौकोन, किराणावाल्यासमोर चौकोन, झेरॉक्ससमोर चौकोन. गाडी मावेल एवढे. आणि कोपऱ्यावर निळी पाटी रोवली, तिच्यावर इंग्रजीतला पी. तो पी ओळखायला तेलुगू यावं लागत नाही. पार्किंग. आमच्या दारात, पाटी लावून, सरकारी पार्किंग.

चौकोन येत येत माझ्या दुकानापाशी आले आणि थांबले. दोरी उचलली, माझे दहा फूट सोडले आणि माझ्या पलीकडे पुन्हा दोरी धरली. माझ्यासमोर पिवळी रेघ मारली आणि एक छोटी गोल पाटी लावली, गाडी लावायची नाही अशी. मागून दुसरी माणसं बोर्ड उचलत होती. पाय रोवलेला प्रत्येक बोर्ड उपटून ट्रॅक्टरमध्ये. माझ्या बोर्डाजवळ आले, त्यातल्या एकाने हातातला कागद पाहिला आणि म्हणाला, "ये छोडो." लाल फुली मारलेला माझा बोर्ड तसाच उभा राहिला.

खरं सांगते, लपवून काय करू? पहिल्यांदा मला आनंद झाला. पोटात गुदगुल्या होतात तसा. माझं दार मोकळं झालं, माझा बोर्ड वाचला. दोन-चार श्वासांपुरताच असेल, पण झाला. मग मी वर पाहिलं तर सगळी ओळ आपापल्या पायरीवर उभी राहून माझ्याकडे बघत होती.

किराणावाला म्हणाला, "वा ताई. तुमचं तं बरं झालं." एवढंच म्हणाला आणि आत गेला. त्याची बायको त्या दिवसापर्यंत माझ्याकडूनच ब्लाऊज शिवून घ्यायची.

चौघी बायांना दुसऱ्या दिवसापर्यंत उठायला सांगितलं. पार्किंगच्या जागेत बसता येत नाही म्हणे. माझ्या दहा फुटांत तरी बसू द्या म्हटलं, तर ते म्हणाले, रस्ता मोकळा ठेवायचा हुकूम आहे. दुपारी मावशी आली, पट्टे पाहिले, पाटी पाहिली. शेगडी पेटवली नाही. मला म्हणाली, "पोरी, तुह्याच समोर काऊन नाई मारले पट्टे?"

"चूक झाली असंन. मी जाऊन पाह्यतो ना. आत्ता जातो."

"जाय," ती म्हणाली, आणि फरशीवर बसून राहिली.

मुन्सिपाल्टीत भावाची खुर्ची रिकामी होती. चष्मा टेबलावर, डबा टेबलाखाली, आणि माणूस नाही. तासभर उभी राहिले. शिपाई माझ्याकडे बघायचं टाळत होता, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मग मी सरळ मॅडमकडे गेले. नवीन आलेली अधिकारी, माझ्या पुतणीच्या वयाची. मी हिंदी-तेलुगू मिसळून सांगितलं की आमचा अर्ज एक होता आणि केलं भलतंच. तिने फाइल मागवली, उघडली आणि कागद माझ्यासमोर धरला.

कागद माझाच होता. खालच्या चौदा सह्या मी ओळखल्या. माझी मराठी सही पहिली, सगळ्यात शेवटी मावशीचा अंगठा, आणि त्याच्या बाजूला पिठाचा पांढरट डाग. वर मात्र गोल गोल अक्षरांच्या बारा ओळी होत्या. मी म्हटलं, वाचून सांगा. तिने एकेक ओळ वाचून हिंदीत सांगितली. आम्ही खाली सह्या करणारे दुकानदार आणि विक्रेते, जनतेच्या सोयीसाठी आमच्या दुकानांसमोरची जागा पार्किंगला द्यावी अशी विनंती करतो. फुटपाथवरचे आमचे बोर्ड काढायला आमची हरकत नाही. विक्रेते आपखुशीने जागा सोडतील. शिलाईच्या दुकानात महिला येत असल्याने तेवढी जागा आणि बोर्ड वगळावा.

मी माझ्या सहीवर बोट ठेवून पाहिलं.

"अम्मा, ही सही तुमची नाही का?"

"माझीच आहे."

"मग?"

मग काय सांगू? सांगितलं. आम्ही कोऱ्यावर सह्या देतो म्हणून सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सांगितलं की आम्ही घराला दार लावत नाही. मग दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "हे कोणी लिहिलं, त्याचं नाव लिहून द्या. चौकशी लावते, आणि चौकशी होईपर्यंत हा आदेश थांबवते. पट्टे राहतील, पण त्या बायांना कोणी उठवणार नाही. नाव नसेल तर माझ्या हातात काही नाही. चौदा लोकांनी सही केली आणि आता मन बदललं, एवढंच होईल."

तिने कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी तो घेतला नाही. "घरी जाऊन सांगते," म्हटलं.

संध्याकाळी भाऊ स्वतःच दुकानात आला. स्टुलावर बसला, नेहमीच्या जागी. आणि काय म्हणावं त्याला, चेहऱ्यावर हसू होतं! माणूस एखादं मोठं काम करून येतो आणि शाबासकीची वाट बघतो, तसं हसू.

"पाह्यलं ना, ताई? तुमची जागा सोडवली."

मी मशीन थांबवलं. "अन् बाकीच्यांची?"

मग त्याने सांगितलं. त्या साड्यांच्या दुकानाला मंजुरी मिळताना गाड्यांची जागा दाखवली नव्हती, ते आता वरच्या साहेबांच्या अंगाशी येत होतं. वरून त्याला सांगितलं, समोरच्या दुकानदारांची संमती आण, नाहीतर तुझी बदली. त्याची पोरगी यंदा दहावीला. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मी चौदा सह्यांचा कोरा कागद त्याच्या हातात ठेवला. "मी काय करू, ताई? कागद समोरच होता. पट्टे तं मारलेच असते त्यांनी, आज नाई तं उद्या. तुमचं तेवढं वगळून घेतलं मी. त्याच्यासाठी किती बोलनं खाल्लं, तुमाले काय मालूम."

अंगाची लाही लाही झाली माझ्या. "मलेबी तुडवाचं होतं ना सगळ्यांसंगं!" मी ओरडले. "वगळलं काऊन? आता तोंड कोनाले दाखवू मी? त्या मावशीनं तुह्या नावावर नाई, माह्या नावावर अंगठा देल्ता!"

त्याला खरंच कळलं नाही. हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. पैसे खाल्ले असते, खोटं बोलला असता, तर मी त्याला शिव्या देऊन मोकळी झाले असते. याने केसाने गळा कापला तो प्रेमाने, आणि वर विचारतो, ताई, चिडता काऊन? जाताना म्हणाला, "माझं नाव तं नाई ना सांगितलं मॅडमले?" मी काही बोलले नाही. त्याने माझ्या न बोलण्याचा त्याला हवा तो अर्थ घेतला आणि गेला.

दुसऱ्या सकाळी ओळ माझ्या दुकानात जमली. मी सगळं सांगितलं, मॅडम काय म्हणाली तेही सांगितलं. लपवलं नाही. झेरॉक्सवाला म्हणाला, "मग अडलं कुठे? नाव लिहा. आम्ही तेराही जण खाली सह्या करतो. या वेळी भरलेल्या कागदावर." मावशी दाराशी उभी होती, आत आली नाही. तिची नजर माझ्या हातांवर होती.

मी तहसीलच्या बाहेर बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्याकडे गेले. त्याला सगळं सांगून लिहायला लावलं, तीनदा वाचून घेतलं. तो नावापाशी थांबला. "कोनी लिहिलं म्हणू, बाई?"

माझ्या डोळ्यांसमोर नांदेडचा तो व्हरांडा आला. सतरंजी, उशाला घेतलेली त्याची चप्पल. त्याची पोरगीही आली, परकर-पोलकं मीच शिवलं होतं तिचं. हिंमत करून तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "लिहा, कोणी तरी अज्ञात माणसाने."

"अशानं काही होत नाही," तो म्हणाला.

"लिहा तुम्ही. आणि खाली लिहा की माझी जागा वगळली तीही वगळू नका. मला ओळीपेक्षा वेगळं काही नको."

तो कागद घेऊन ओळीत फिरले. किराणावाल्याने एका गिऱ्हाइकाकडून वाचून घेतला. "नाव कुठे आहे?" मी म्हटलं, नाव नाही. त्याने कागद परत दिला. झेरॉक्सवाल्याने हातातसुद्धा घेतला नाही. सायकलवाला बरा माणूस, त्यानेही नुसती नकारार्थी मान हलवली. मावशीपाशी मी गेलेच नाही. ती तेव्हा गोणपाट गुंडाळत होती.

कागदावर एकच सही राहिली, माझी. तो तसाच मॅडमला दिला. तिने वाचला, पानाच्या मागे पाहिलं, मला विचारलं, "बस, एवढंच?" मी हो म्हटलं. आठ दिवसांनी दोन माणसं रंगाचा डबा घेऊन आली आणि माझ्यासमोरची पिवळी रेघ पुसून तिथे पांढरा चौकोन मारून गेली. गोल पाटी काढली, माझा बोर्डही उचलून नेला. एका सहीवर जेवढं होण्यासारखं होतं तेवढं त्यांनी केलं. आता माझ्याही दारात गाड्या असतात, दिवसभर.

यंदा भाऊबीजेला तो आला नाही. मी ओवाळायचं ताट तयार करून ठेवलं होतं, हे सांगायची लाज वाटते. पण ठेवलं होतं.

मावशी आता शहराबाहेर, मावला गावाच्या अंगाला बसते, पेट्रोलपंपाच्या पुढे. तिथे रांग नसते. कॉलेजची पोरं तेवढ्या लांब जात नाहीत. मी मुद्दाम गेले एका दुपारी. तिने पाहिलं, भाकर थापत राहिली. मी उभ्यानेच सांगायला लागले की माझ्यासमोरची पिवळी रेघही काढली, मीच काढायला लावली, लिहून दिलं, माझा बोर्डही गेला. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती हात न थांबवता ऐकत होती.

"त्याचं नाव लिवलं?" तिने विचारलं.

"नाई."

"मंग मले काऊन सांगून राह्यली?"

माझ्यामागे एक गिऱ्हाईक आलं होतं. मी बाजूला झाले. तिने त्याला दोन भाकरी दिल्या, ठेचा दिला, आणि पुन्हा पिठात हात घातला. माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी आले, कागद घेतला आणि हे सगळं लिहायला बसले. म्हटलं, निदान मराठीत तरी लिहीन. इतकी पानं झाली. गाव लिहिलं, दफ्तर लिहिलं, टेबल लिहिलं. उलटून पाहा, त्याचं नाव यातही नाही.